टाकीखाली डांबर का नसतं?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गॅस कटिंग करणाऱ्या एखाद्या जुन्या कारागिराला सांगून बघा, "ऑक्सिजनचा रेग्युलेटर घट्ट झालाय, जरा ग्रीस लावा की!" तो तुम्हाला वेड्यात काढेल. दिवसभर तेलात हात असतात त्याचे, पण ऑक्सिजनच्या सिलिंडरला लावायच्या आधी तो ते पुसून घेतो. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीस ठिणगीशिवायही पेटू शकतं. आणि कटिंगमध्ये ज्योत लोखंड फक्त तापवून लाल करते. पुढं ऑक्सिजनच्या झोतात लोखंडच जळत जातं.

रुग्णालयाच्या आवारातल्या ऑक्सिजनच्या उंच पांढऱ्या टाकीचे बहुतेक नियम इथूनच निघतात. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. तो दुसऱ्याला जाळायला मदत करतो. त्यामुळे नियमांचा सगळा रोख टाकीच्या शेजाऱ्यांवर असतो.

टाकी म्हणजे मोठा थर्मासच. दोन भिंती, मधे निर्वात पोकळी आणि उष्णता अडवणारी परलाइट खनिजाची भुकटी. आत उणे 183 अंश सेल्सिअसला उकळणारा फिकट निळा द्रव ऑक्सिजन. त्याच्या एका लिटरचा साधारण 860 लिटर वायू होतो. म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीत 86 लाख लिटर वायू दाटीवाटीनं बसलेला असतो. गळालेला गार वायू हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत सरपटत गटारात, तळघरात उतरतो. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. तो 23.5 टक्क्यांवर गेला की धोक्याचा मानतात. म्हणून टाकी उघड्यावर हवी, गटाराच्या तोंडाशी किंवा तळघराच्या जिन्याशी नको.

आता जमीन. टाकीखाली आणि टँकर उभा राहून नळी जोडतो तिथंही काँक्रीट लागतं, डांबर चालत नाही. डांबर हा खनिज तेलाचाच गाळ. सांडलेला द्रव ऑक्सिजन त्याच्या छिद्रांत मुरला, की वर नुसता पाना पडला तरी स्फोट होऊ शकतो. काँक्रीटच्या सांध्यात डांबरी मसाला भरायलाही मनाई आहे. एरवी आपल्याकडं सांधा दिसला की डांबर ओतायची सवय, म्हणून ठेकेदाराला हे आधीच सांगायला हवं.

अंतरांचे आकडे पहिल्यांदा वाचताना चक्रावायला होतं. अमेरिकेच्या एनएफपीए 55 या अग्निसुरक्षेच्या संहितेत, वीस हजार घनफुटांहून मोठा साठा (द्रवरूपात जेमतेम साडेसहाशे लिटर) आगरोधक भिंतीपासून एक फुटावरही चालतो. लाकडी बांधकामापासून मात्र पन्नास फूट हवा. भिंत जळणारी नसेल तर ऑक्सिजन तिचं काय करणार? उभ्या वाहनांपासूनही दहा फूट राखावे लागतात. शहरातल्या एका रुग्णालयात मी टाकीच्या कुंपणालाच टेकवलेल्या दुचाक्या पाहिल्या आहेत, सावली मिळते म्हणून. एकीच्या इंजिनातून तेल ठिबकत होतं.

आपल्याकडं यासाठी 2016 चे दाबपात्रांचे केंद्रीय नियम आहेत आणि परवाना देणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. कोल्हापूरकरांनी त्यात पदरची एक काळजी घालावी: 2019 आणि 2021 चा पंचगंगेचा पूर आठवून चौथऱ्याची उंची ठरवावी. रिकामी होत आलेली टाकी पाण्यात तरंगायला बघते.

पावसाळ्यात टाकीजवळ द्रवाचा वायू करणाऱ्या, पंखांसारख्या पट्ट्या असलेल्या नळ्यांवर बर्फ साचतं, भोवती पांढरं धुकं दिसतं. लोक घाबरतात. ऑक्सिजन मात्र दिसत नाही. ते धुकं हवेतल्याच बाष्पाचं. पण गळती असेल तर धुकं संपतं तिथं धोका संपला असं नाही, वायू त्याच्याही पुढं गेलेला असू शकतो.

आणि कपडे. ऑक्सिजन सुती कापडात अडकून राहतो. गळतीतून बाहेर आलेल्या माणसानं निदान अर्धा तास मोकळ्या हवेत उभं राहावं, कपडे झटकावेत, बदलता आले तर उत्तम. तोवर विडीचा विषयच काढू नये.