टीएमसी आणि क्युसेक: भांडण एका मापात, मासा दुसऱ्या मापात

पाऊस लागला की आपल्याकडे रोजची एक चौकशी ठरलेली असते: नाथसागर, म्हणजे पैठणचं जायकवाडी धरण, किती झालं? उत्तरात दोन आकडे येतात. धरणात इतके टीएमसी, आवक इतके क्युसेक. चहाच्या टपरीवर पोहोचेपर्यंत हे दोन्ही आकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. 'नाशिकहून दहा हजार क्युसेक आलं' असं कोणी सांगतं आणि ऐकणारा मान डोलावतो. पण दहा हजार क्युसेक किती वेळ आलं? तासभर की आठ दिवस? ते कळल्याशिवाय या वाक्यावरून धरण बोटभर चढलं की हातभर, काहीच सांगता येत नाही.

पैठणचाच दाखला घेऊ. नाथषष्ठीच्या आधी नाथांच्या वाड्यातला रांजण भरायला भाविक गोदेचं पाणी आणून ओततात. रांजणात पाणी किती मावतं, ते टीएमसीचं माप. खेपा किती भराभर पडतात, ते क्युसेकचं. एकात साठा मोजला जातो, दुसऱ्यात वेग.

एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर २८ लाखांहून जास्त टँकर. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटरच्या आसपास. एका क्युसेकच्या धारेखाली तोच टँकर सहा मिनिटांत भरेल. दोन्ही मापं जोडणारा आकडा पाठ करून ठेवावा असा आहे: ११,५७४ क्युसेकची धार चोवीस तास अखंड चालली की एक टीएमसी होतो. म्हणजे ते दहा हजार क्युसेक दिवसभर टिकलं तरी पाऊण-एक टीएमसीच्या पुढे जात नाही. आणि नाथसागर आहे १०२ टीएमसींहून मोठा.

गोदावरीच्या खोऱ्यातलं वरचे (नाशिक-नगर) विरुद्ध खालचे (मराठवाडा) हे भांडण सगळं टीएमसीत लिहिलेलं आहे. २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा झाला, त्यातलं समन्यायी वाटपाचं, म्हणजे पाणी वरच्या-खालच्यांनी न्यायाने वाटून घेण्याचं, कलम आलं, आणि २०१४ साली प्राधिकरणाने नियम घालून दिला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीतला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. मराठवाड्याने हे लढून मिळवलंय आणि त्यातला एक थेंबही सोडू नये, असंच माझं मत आहे. तरीही या नियमाचा डोळा एका तारखेच्या साठ्यावर आहे, हे ओळखून असावं. रांजण किती रिकामा ते तो बघतो. मधल्या दिवसांत नदी वाहिली की नाही, हा प्रश्न त्यात येत नाही.

२०२३ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला आणि प्रत्यक्ष पाणी सुटलं ते नोव्हेंबरच्या अखेरीस. असं पाणी सोडताना वाटेत कमी मुरावं म्हणून मोठ्या वेगाने सोडतात, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, काठावरच्या मोटारींची वीज बंद करतात. हिशेब म्हणून हे बरोबरच आहे. आता हेच ८.६ टीएमसी दहा हजार क्युसेकने सोडले तर दहा दिवसांत संपतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांवर पसरले तर सुमारे ८०० क्युसेकची धार सलग चालते. वर्षभर पुरवायचे म्हटले तर पावणेतीनशे क्युसेक. कागदावर तिन्ही ठिकाणी आकडा तोच, पण पात्रात उतरून पाहिलं तर या तीन वेगळ्या नद्या आहेत: दहा दिवसांचा लोंढा, पावसाळाभर वाहणारी नदी आणि बारमाही ओढा.

माशाला हा फरक कळतो. काठावर उभं राहिलं की शेतकरी विचारतो, "किती आलं?" भोई विचारतो, "चालू हाय का?" या दोन प्रश्नांमधल्या फरकाकडे मीही बरीच वर्षं लक्ष दिलं नव्हतं.

रोहू, मृगळ, कटला हे कार्प गटातले मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी सोडत नाहीत. पहिल्या पुराचं गढूळ, गार, ओढीचं पाणी अंगावर आलं की त्यांना वेळ झाल्याचं कळतं. मग ते प्रवाहाच्या उलट चढतात आणि काठालगतच्या उथळ, नव्याने बुडालेल्या जमिनीवर अंडी घालतात. ती ओढ मिळालीच नाही तर मादीची अंडी पोटातच जिरून जातात. तळ्यात वाढवलेल्या या माशांची हीच अडचण होती. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात शास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण घडवून आणली. तोवर मत्स्यबीज मुख्यतः नदीतूनच गोळा करावं लागे. आज केंद्रांमधून मत्स्यजिरे (अगदी बारीक पिलं) आणि बोटुकली (बोटाएवढी पिलं) मिळते ती त्या तंत्राच्या जोरावर. नदी जी खूण फुकट देत होती, ती आता सुईने द्यावी लागते.

चिलापीचं तसं नाही. आफ्रिकेतून १९५२ मध्ये भारतात आणलेला हा मासा साचलेल्या पाण्यात सुखाने राहतो. मादी अंडी तोंडात धरून उबवते, तिला पूर लागत नाही की चढण लागत नाही. वर्षातून अनेकदा वीण होते. नुसता साठा दिला तरी चिलापी भागवून घेते. मरळही हवेतून श्वास घेत असल्यामुळे डबक्यात तग धरतो. म्हणून धरणातली मासळी किती क्विंटल निघाली एवढ्यावरून नदी ठीक आहे असं म्हणणं फसवं आहे. जाळं जड लागतं, पण त्यात सोडलेल्या बोटुकलीचे मासे किती, चिलापी किती आणि नदीने स्वतः दिलेले किती, हे वेगळं मोजल्याशिवाय ऱ्हास दिसत नाही. सांडपाणी, कारखान्यांची मळी, मच्छरदाणीसारखी बारीक आसाची जाळी ही कारणंही आहेतच, आणि ती खोटी नाहीत. पण अंडीच पडली नाहीत, तर पुढची कारणं लागू व्हायला मासा उरतो कुठे?

याचा अर्थ माशाला टीएमसीशी देणंघेणं नाही असाही नाही. बातमीत 'जायकवाडी शून्य टक्के' येतं तेव्हा धरण कोरडं झालेलं नसतं. टक्केवारी मोजतात ती ७६.६५ टीएमसीच्या उपयुक्त साठ्याची. त्याच्या खाली २६ टीएमसीचा मृतसाठा, म्हणजे कालव्याला न मिळणारं तळाचं पाणी, असतो. धरणातला मासा उन्हाळा काढतो तो याच पाण्यात, आणि आपण त्याला मृत म्हणतो. हा शब्द मला नेहमी खटकतो. २०१३, २०१६, २०१९ या उन्हाळ्यांत साठा या रेषेखाली उतरला होता. माणसाला प्यायला पाणी हवं आणि ते तिथून उपसावंच लागतं, त्यात दुमत नाही. पण उथळ पाणी तापतं, त्यातला प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. त्या दिवसांत माशाला क्युसेक नको असतं, टीएमसीच हवा असतो.

आणि क्युसेक जितकं जास्त तितकं बरं, असंही नाही. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या घरात विसर्ग झाला होता. नांदेडकरांना ते दिवस सांगायला नकोत. त्या वेगाने अख्खा नाथसागर पाच दिवसांच्या आत रिता होईल. असा लोंढा अंडी आणि पिलं धुऊन नेतो, आणि दारं एकाएकी मिटली की मागे खड्ड्यांत मासे अडकतात.

पैठणच्या खाली तर पायऱ्याच आहेत: आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस, विष्णुपुरी. प्रत्येक बंधाऱ्यात साठा, आणि मध्ये वाहणं तुटलेलं. या सगळ्यांत नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेजवळ असलेल्या बाभळी बंधाऱ्याची गोष्ट निराळी आहे. क्षमता जेमतेम २.७४ टीएमसी, पण त्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचं आंध्र प्रदेश ही दोन राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने बंधारा राहिला, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली द्यायचं, असं ठरलं. दर जुलैला आपल्याकडे हळहळ होते की पाणी तेलंगणात वाहून चाललं. ती हळहळ मला समजते. पण हे चार महिने नेमके माशांच्या चढणीचे आणि विणीचे आहेत. न्यायालयाने तेलंगणातल्या पोचमपाड धरणावरच्या शेतकऱ्याचा विचार करून ही तारीख घातली, आणि माशांना निदान त्या एका ठिकाणी उघडी वाट मिळाली. पाण्याच्या निवाड्यात किती याबरोबर कधीपासून कधीपर्यंत हेही लिहिता येतं, याचा हा आपल्याच नदीवरचा पुरावा आहे.

वरच्या धरणांबाबत असं वेळापत्रक मागितलं तर नाशिक-नगरचा शेतकरी म्हणेल, जुलैत पाऊस पुरेल की नाही हेच माहीत नसताना आम्ही धार कशी सोडावी? प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तराची सुरुवात मात्र आपल्याच धरणापासून करता येईल. जुलैत वरून आवक सुरू असते, टीएमसी चढत असतात, आपण आनंदात असतो, आणि त्याच दिवशी त्याच तक्त्यात पुढच्या रकान्यात लिहिलेलं असतं: नदीपात्रात विसर्ग, शून्य क्युसेक. धरण भरेपर्यंत, आणि कित्येक वर्षी तर पावसाळाभर, नाथसागराची २७ दारं मिटलेली असतात. आपेगावच्या डोहात तेव्हा अंड्यांनी भरलेली मादी थांबलेली असते. तिच्यासाठी दोन-तीनशे क्युसेक पंधरा दिवस सोडायचे म्हटले तर हिशेब होतो एका टीएमसीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.