अन्नाची सूक्ष्मजीव तपासणी (मराठवाडा)

अन्नातले जिवाणू, यीस्ट आणि बुरशी मोजणे व रोगकारक जंतू शोधणे म्हणजे सूक्ष्मजीव तपासणी. भारतात तिला आधार आहे तो अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आणि २०११ पासून लागू झालेल्या नियमांचा. छत्रपती संभाजीनगरला अन्न व औषध प्रशासनाची प्रयोगशाळा आहे.

२५ ग्रॅम नमुना २२५ मिलिलिटर निर्जंतुक द्रावणात घुसळतात, दहा-दहा पटींनी पातळ करत नेतात आणि त्यातला थोडा भाग आगरावर, म्हणजे जंतू वाढवण्याच्या पोषक जेलीवर, उबवत ठेवतात. एक-दोन दिवसांनी उमटलेल्या वसाहती (जंतूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) मोजून मूळ अन्नातला आकडा काढतात. साल्मोनेला या रोगकारक जिवाणूची मात्र मोजणी नसते. २५ ग्रॅममध्ये तो सापडताच कामा नये. थोडेसेच जंतू असले तरी ते हाती लागावेत म्हणून आधी त्यांना वाढू द्यावे लागते, त्यामुळे पक्क्या निकालाला चार-पाच दिवस जातात. काही मानकांत एकाच मालाचे ५ नमुने घेतात आणि खालची व वरची अशा दोन मर्यादा लावतात. मधल्या पट्ट्यात ठरावीक संख्येपर्यंत नमुने आले तर चालते, वरची मर्यादा एकानेही ओलांडली की माल नापास.

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात कुंथलगिरीचा खवा नावाजलेला. चार-पाच लिटर म्हशीचे दूध भट्टीवर आटले की किलोभर खवा उतरतो. इतक्या उष्णतेत दुधातले बहुतेक जंतू मरतात, म्हणजे खरा धोका खवा भट्टीवरून उतरल्यावर सुरू होतो: हात, फडके, पाटी आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चाळिशी ओलांडलेल्या तापमानातला प्रवास. माणसाच्या नाकात व कातडीवर राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस अशा ओलसर, पौष्टिक पदार्थात झपाट्याने वाढतो आणि विष सोडतो. पुन्हा परतल्याने जंतू मरतात, विष मात्र टिकते. ‘नीट भाजून घेतला की झालं’ हा घरगुती भरवसा इथे लागू पडत नाही. वसाहतींचा आकडा कमी आला तरी माल सुरक्षितच, असे म्हणता येत नाही ते याच कारणाने. विषाची चाचणी वेगळी असते.

भगरीचे दुखणे याहून निराळे. पावसाळ्यानंतरच्या दमट हवेत साठवलेल्या भगरीवर किंवा तिच्या पिठावर अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढते, तिच्यातून फ्युमिगाक्लेविनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात, असे अन्न व औषध प्रशासन सांगत आले आहे. नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र जवळ आली की सुटे पीठ घेऊ नका, भगर कोरडी ठेवा, अशा सूचना निघतात. शिजवल्यावर बुरशी मरते, पण तिने आधी सोडलेले विष उरू शकते, म्हणून आगरावर काही उगवले नाही तरी भगर निर्दोष ठरत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एकादशीच्या प्रसादानंतर नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे हजारापेक्षा जास्त लोकांना विषबाधा झाली. अशा वेळी तपासणीला लागते ते उरलेले अन्न, आणि नेमके तेच भीतीपोटी आधी फेकले जाते. उरलेले अन्न निर्जंतुक डब्यात, बर्फावर, उघडे न ठेवता काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचले तरच आकड्याला अर्थ असतो; वाटेत तापलेला डबा जेवणापेक्षा वाटेतल्या उन्हाचीच जास्त माहिती देतो.