चक्कर, मागच्या मेंदूतला स्ट्रोक आणि ‘हिंट्स’चा वाद

अखंड चक्कर स्ट्रोकची की कानाची, हे खाटेपाशी ओळखायची पद्धत म्हणजे ‘हिंट्स’, आणि वाद आहे ती कोणी करायची याचा. लॅटरल मेड्युलरी सिंड्रोम हा मागच्या मेंदूतल्या स्ट्रोकचा एक प्रकार, त्याचं सविस्तर वर्णन १८९५ सालचं आहे: गरगरणं, गिळायला त्रास, एका बाजूचा चेहरा आणि विरुद्ध बाजूचं अंग बधिर, पण हातापायांतला जोर शाबूत. लुळेपणाशिवाय स्ट्रोक होतो हे इतकं जुनं ज्ञान. तरी पुढे तपासणीची साधनं घडली ती मेंदूच्या पुढच्या रक्तपुरवठ्याकडे बघून. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्ट्रोकची तीव्रता मोजणाऱ्या एनआयएचएसएस मोजपट्टीत कमाल ४२ गुण. हातापायांच्या समन्वयाला त्यात २ आहेत, धड सावरता न येण्याला एकही नाही. लहान मेंदूत ताजा इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेला भाग) असलेल्या माणसाचे गुण शून्य भरू शकतात. स्ट्रोक झटपट ओळखायची चेहरा-हात-वाचा ही ‘फास्ट’ची तपासणीही त्याच वळणाची, तोल आणि डोळे तिला फार उशिरा जोडले गेले.

१९९५ मध्ये गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची चाचणी यशस्वी झाली आणि सगळा भर घाईवर आला. घाईत हाताशी असतो तो सीटी. कवटीच्या तळाच्या जाड हाडांमुळे त्यात मागच्या भागावर पट्टे उमटतात, सुरुवातीच्या तासांतला इन्फार्क्ट बहुधा दिसतच नाही. सीटीने रक्तस्राव वगळता येतो, स्ट्रोक नाही. हा फरक रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलं की विसरला जातो.

त्याच दशकात ताजा इन्फार्क्ट लवकर दाखवणारा डिफ्यूजन एमआरआय आला आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटला. तो २००९ मध्ये पुन्हा उघडला. अखंड चक्कर आणि स्ट्रोकचा किमान एक धोका-घटक असलेल्या १०१ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या एमआरआयने १२ टक्के स्ट्रोक चुकवले, आणि चुकलेले ते सगळे एमआरआय लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत काढलेले होते. खाटेपाशी केलेल्या डोळ्यांच्या तीन चाचण्यांनी मात्र एकही सोडला नाही. याच तीन चाचण्या म्हणजे हिंट्स.

पहिलीत रुग्णाने तपासणाऱ्याच्या नाकावर नजर रोखायची आणि तपासणाऱ्याने त्याचं डोकं १० ते २० अंश झटक्यात वळवायचं. मानेला इजा असेल तर हे करू नये. नजर डोक्याबरोबर सरकून मग झटक्याने नाकावर परत आली, तर दोष सहसा अंतर्कर्णाच्या नसेत. नजर जागची हलली नाही, तर चाचणी ‘नॉर्मल’, आणि नेमकी तीच धोक्याची खूण. दुसरीत नायस्टॅगमसची, म्हणजे डोळ्यांच्या आपोआप होणाऱ्या झटक्यांची, दिशा बघायची: उजवीकडे बघताना उजवीकडे आणि डावीकडे बघताना डावीकडे फटका मारत असेल, किंवा फटका वरखाली असेल, तर मूळ मेंदूत. तिसरीत डोळे आळीपाळीने झाकायचे. उघडलेला डोळा वरखाली सरकून जागेवर आला तर तीही मेंदूचीच खूण. तिन्हींपैकी एक जरी मेंदूकडे बोट दाखवत असली तरी स्ट्रोक धरूनच चालायचं.

वाद आहे तो हे करायचं कोणी. मूळ अभ्यासात तपासणारे डोळ्यांच्या हालचालींचे जाणकार होते. आपत्कालीन विभागात सरसकट वापर सुरू झाल्यावर अचूकता घसरली, आणि दोष चाचणीवर आला. तो तितकासा न्याय्य नाही. चुकीचा मोठा वाटा रुग्ण निवडतानाच पडतो: हिंट्स फक्त चक्कर अखंड चालू असताना आणि नायस्टॅगमस दिसत असतानाच लागू पडते. चक्कर थांबलेल्या माणसाची नजर पहिल्या चाचणीत अर्थातच हलत नाही, आणि त्याच्यावर उगाच स्ट्रोकचा संशय येतो. कूस बदलताना काही सेकंद गरगरत असेल तर १९५२ ची डिक्स-हॉलपाइक चाचणी (डोकं वळवून रुग्णाला झटकन आडवं करायची) करावी, तिथे हिंट्सचं कामच नाही.

२०२३ च्या आपत्कालीन वैद्यकाच्या मार्गदर्शिकेने मधला मार्ग धरला: हिंट्स प्रशिक्षितांनीच करावी, आणि चाल सर्वांचीच बघावी. आधाराशिवाय बसता किंवा उभं राहता येत नसेल, तर नजरेच्या खुणा काहीही सांगोत, घरी पाठवू नये. लहान मेंदूची सूज साधारण तिसऱ्या दिवशी कळसाला जाते आणि ब्रेनस्टेमवर (मेंदूच्या देठावर) दाब येतो.

एक पळवाट हिंट्समध्येही उरतेच. लहान मेंदूच्या पुढच्या-खालच्या धमनीची फांदी अंतर्कर्णालाही रक्त पुरवते. ती बंद पडली तर स्ट्रोक असूनही पहिली चाचणी नसेचा दोष दाखवते. म्हणून दोन्ही कानांपाशी बोटं चोळून ऐकू येतं का हेही बघायची पद्धत पडली. एका कानाचं ऐकू येणं नव्याने कमी झालं असेल आणि पहिला एमआरआय स्वच्छ असेल, तर ३ ते ७ दिवसांत तो पुन्हा काढतात.