पत्ता द्यायचा, पण किती वेळासाठी?

"सर, वाय-फाय लागतंय, रेंज फुल्ल आहे, पण नेट नाही." सांगलीत विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेतून हा फोन आला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. तिथलं नेटवर्क मीच बसवलेलं. ७० खुर्च्या, स्पर्धा परीक्षेची मुलं, आणि त्याच दिवशी दुसरी शिफ्ट सुरू झालेली: सकाळी ६ ते २ एक तुकडी, २ ते रात्री १० दुसरी. सकाळी कुणाचीच तक्रार नव्हती. जाऊन एका मुलीचा लॅपटॉप पाहिला, तर त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर यंत्राला ओळखायचा आकडा, १६९.२५४ ने सुरू होत होता. म्हणजे इंटरनेटच्या लाइनला दोष द्यायचं कारण नव्हतं, दुखणं आपल्याच घरात होतं. पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून पत्ता मिळाला नाही की विंडोजचा लॅपटॉप या मालिकेतला एखादा पत्ता स्वतःच लावून घेतो. त्यावर फार तर शेजारच्या यंत्राशी बोलता येतं, राउटरच्या पलीकडे जाता येत नाही.

हे पत्ते वाटायचं काम डीएचसीपी करतो, म्हणजे डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल. प्रोटोकॉल म्हणजे यंत्रांनी आपसात बोलायचे ठरलेले नियम. सर्व्हरवर तो बसवताना अवघड असं काही नसतं. सर्व्हरचा स्वतःचा पत्ता कायमचा ठरवायचा, कारण वाटणाऱ्याचाच पत्ता बदलत राहिला तर काम चालणार नाही. मग कुठून कुठपर्यंतचे पत्ते वाटायचे तो पूल सांगायचा, सबनेट मास्क (जाळं केवढं ते सांगणारा आकडा), गेटवे (बाहेर जायचा दरवाजा, म्हणजे राउटर) आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) भरायचे. या अभ्यासिकेत राउटर १९२.१६८.१०.१ वर, सर्व्हर २ वर, प्रिंटर १० वर, कॅमेरे २० ते २७ वर आणि पूल १०० ते १९९ असा होता. वाटायला १०० पत्ते.

एखादा फोन आत येतो तेव्हा त्याच्याकडे काहीच नसतं. स्वतःचा पत्ता नाही, सर्व्हर कुठे आहे तेही माहीत नाही. म्हणून तो ०.०.०.० या नावाने सगळ्यांनाच हाक मारतो: इथे कुणी पत्ता देणारं आहे का? हा डिस्कव्हर. सर्व्हर म्हणतो, १९२.१६८.१०.१३७ मोकळा आहे, हवा का? ही ऑफर. फोन 'हाच द्या' म्हणतो, ती रिक्वेस्ट, आणि तीही सगळ्यांना ऐकू जाईल अशी, म्हणजे दुसऱ्या कुठल्या सर्व्हरने पत्ता देऊ केला असेल तर तो आपला पत्ता मागे घेईल. शेवटी सर्व्हर होकार देतो, तो ॲक. सर्व्हर पोर्ट ६७ वर ऐकतो, फोन ६८ वर (पोर्ट म्हणजे यंत्रातल्या एकेका कामाला दिलेला क्रमांक), आणि हे चारही निरोप बहुतेक वेळा डोळ्याचं पातं लवायच्या आत आटोपतात.

पण त्या होकारासोबत आणखी एक आकडा येतो आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. पत्ता कायमचा मिळत नाही, भाडेपट्ट्याने मिळतो. त्याला लीज म्हणतात. १९८५ साली बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी नावाचा प्रोटोकॉल मांडला होता. त्यात कुठल्या यंत्राला कुठला पत्ता याचा तक्ता माणसाने हाताने भरून ठेवायचा, आणि दिलेला पत्ता परत घ्यायची सोय नव्हती. १९९३ साली आलेल्या डीएचसीपीने निरोपांचा साचा आणि पोर्ट बूटपीचेच ठेवले आणि त्यात मुदत आणली. आज जे प्रमाण म्हणून चालतं ते राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेलं १९९७ चं रूप.

मुदत लागते, कारण निघून जाणारा सांगून जात नाही. पत्ता सोडल्याचा निरोप पाठवायची सोय आहे, पण दप्तर उचलून जिना उतरणाऱ्या मुलाचा खिशातला फोन तो सहसा पाठवत नाही. सर्व्हरच्या लेखी तो अजून खुर्चीवरच बसलेला असतो.

मी लीज २४ तासांची ठेवली होती. सकाळच्या तुकडीत ७० फोन आणि २५ च्या आसपास लॅपटॉप, म्हणजे ९५ पत्ते गेलेले. दोन वाजता मुलं गेली, पत्ते अडकून राहिले, आणि दुसऱ्या तुकडीच्या ९५ यंत्रांसाठी उरले पाच. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, 'नो फ्री लीजेस' (मोकळा पत्ता नाही) ही ओळ एकाखाली एक पडत होती.

लीज दोन तासांची केली की झालं, असं आधी वाटलं. तेवढ्याने भागत नाही. अर्धी मुदत सरली की यंत्र त्याच सर्व्हरकडे मुदतवाढ मागतं, आणि उत्तर नाहीच आलं तर साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत झाल्यावर पुन्हा सगळ्यांना हाक मारतं. म्हणजे पावणेदोनला मुदतवाढ घेतलेला फोन दोनला बाहेर पडला तरी त्याचा पत्ता पावणेचारपर्यंत अडकलेला. नुसता पूल वाढवून ५० ते २४९ केला असता, तर २०० पत्त्यांत दोन्ही तुकड्यांचे १९० कसेबसे मावले असते, पण रविवारी टेस्ट द्यायला बाहेरची मुलं आली की पुन्हा तीच गत. म्हणून दोन्ही केलं. त्यानंतर तो फोन आलेला नाही.

आणखी एक दुखणं नेहमी भेटतं. वरच्या मजल्यावर रेंज पोचत नाही म्हणून कुणी घरचा जुना राउटर आणून जोडतो. त्यातही डीएचसीपी चालू असतो, आणि साधारणपणे ज्याची ऑफर आधी पोचते तिचाच पत्ता यंत्र उचलतं. ऑफर देणारा खरा कोण, हे तपासायची सोय रोजच्या वापरात नाही. अर्ध्या मुलांचं नेट चालतं, अर्ध्यांचं नाही, आणि कारण शोधण्यात दिवस जातो. जुन्या राउटरमधला डीएचसीपी बंद करायचा. सगळ्या केबली जिथे जोडतात तो स्विच जरा वरच्या दर्जाचा असेल तर त्यात डीएचसीपी स्नूपिंग चालू करून फक्त सर्व्हरची केबल लावलेल्या खाचेतूनच ऑफर येऊ द्यायची.

नव्याने सर्व्हर मांडणार असाल तर एक लक्षात ठेवा: आयएससी या संस्थेच्या, वर्षानुवर्षं चाललेल्या डीएचसीपी सर्व्हर सॉफ्टवेअरची देखभाल २०२२ मध्ये थांबली. त्याच संस्थेचं केआ हे सॉफ्टवेअर आता त्याच्या जागी आहे, आणि छोट्या जागेला डीएनएसमास्क हे हलकं सॉफ्टवेअर पुरतं.

परवा हरिपूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाचं काम आलं. पाचशे पाहुणे, दिवसाला कधी दोन कार्यं. २५४ पत्त्यांच्या जाळ्यात हे बसणार नाही, म्हणून मास्क २५५.२५५.२५२.० घेतला, म्हणजे १०२२ पत्ते. लीजचा आकडा भरायच्या आधी मालकांना विचारलं, अक्षता कितीला पडतात आणि शेवटची पंगत कितीला उठते. "साडेबारा आणि तीन," ते म्हणाले, "आणि संध्याकाळचं वऱ्हाड पाचला येतं." मी एक तास भरला.