क्रोना कोसळला तेव्हा: आइसलँडमधल्या परदेशी कलावंतांची पार्श्वभूमी

२००८ च्या ऑक्टोबरात आइसलँडच्या तीन मोठ्या बँका आठवडाभरात बुडाल्या आणि क्रोना हे तिथलं चलन कोसळलं. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच एक कहाणी जगभरच्या वर्तमानपत्रांत फिरू लागली: पैसा गेला, पण कला बहरली. राजधानी रेक्याविकमध्ये येऊन राहिलेले परदेशी संगीतकार, चित्रकार, लेखक या कहाणीत हमखास असत. खिशात दमडी नाही, पण संध्याकाळी कुठे ना कुठे मैफल, दुपारी गरम पाण्याच्या कुंडात गप्पा आणि अंगात लोकरीचा जाड स्वेटर. कहाणी खोटी नाही. पण ती सुरूच होते संकटापासून, आणि तिथेच तिची गफलत होते. परक्या माणसाला त्या देशात हलाखीतही गाणं-चित्रं सांभाळून जगता आलं, याची तजवीज फार आधी झाली होती. त्यातली बरीचशी तर आधीच्या वाईट काळात येऊन राहिलेल्या परक्यांनीच केली होती.

१९३० च्या दशकात आइसलँड गरीब होता. निर्यात म्हणजे मासळी, त्यातही खारवलेला कॉड मासा, आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक स्पेन. जागतिक मंदीने भाव पाडले आणि १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटल्यावर ते गिऱ्हाईकही गेलं. त्याआधी, ९ नोव्हेंबर १९३२ ला, बेकारांना दिल्या जाणाऱ्या सरकारी कामांची मजुरी कापायच्या ठरावावरून रेक्याविकमध्ये कामगार आणि पोलीस यांची एवढी जुंपली की शहरातले बहुतेक पोलीस जखमी झाले. अशा देशात कामधंदा शोधत येणारे परदेशी कुणालाच नको होते. नात्झी जर्मनीतून आलेल्या काही ज्यू निर्वासितांना सरकारने परत पाठवलं. हॉटेलांत वाजवायचं काम आधी आपल्या माणसाला मिळावं, असं तिथल्या वादकांच्या संघटनेचंही म्हणणं होतं.

तरी तिघे संगीतकार टिकले. बर्लिनचा रॉबर्ट आब्राहाम १९३५ मध्ये आला आणि उत्तरेच्या आकुरेरी गावात गायनमंडळी उभी करत बसला. १९३७ मध्ये चेलोवादक हाइन्झ एडेलश्टाइन आला. तिसऱ्याची गोष्ट नाटकात शोभावी अशी. फ्रान्झ मिक्सा हा ऑस्ट्रियन संगीतकार रेक्याविकच्या संगीतशाळेत शिकवत होता. तो नात्झी होता आणि १९३८ मध्ये त्याला मायदेशी ग्राझला परतायचं होतं. ग्राझमध्ये शिकवणाऱ्या व्हिक्टर उर्बान्चिचची बायको ज्यू घराण्यातली, म्हणून त्याला तिथून निघायचं होतं. दोघांनी नोकऱ्यांची अदलाबदल केली.

उर्बान्चिचने पुढची वीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, रेक्याविकमध्ये काढली. १९४३ मध्ये त्याने जर्मन संगीतकार बाखची 'सेंट जॉन पॅशन' ही धार्मिक गायनरचना बसवली, ती आइसलँडमध्ये घराघरांत पाठ असलेली कवी हाल्ग्रीमुर पेटुर्सनची स्तोत्रं त्यात गुंफून. १९५१ मध्ये नव्या राष्ट्रीय नाट्यगृहात 'रिगोलेत्तो' हा ऑपेरा झाला, तोही त्याच्याच संगीत-दिग्दर्शनाखाली. त्याची बायको मेलिटा मला जास्त ओढून घेते. डॉक्टरेट मिळवलेली ही व्हिएन्नाची कवयित्री आणि नटी रेक्याविकमध्ये भाषेच्या शिकवण्या करायची, मूर्ती घडवायची आणि त्या थंड, वादळी हवेत मधमाश्या पाळायची. कविता मात्र जर्मनमध्येच लिहीत राहिली. त्या वाचणारं आसपास फारसं कुणी नव्हतं. १९८४ मध्ये ती गेली आणि तिचा संग्रह छापून यायला २०१४ उजाडलं. परदेशात राहणाऱ्या कलावंताच्या एकटेपणाबद्दल बरंच लिहिलं जातं. त्यात तिची आठवण क्वचितच निघते.

रॉबर्ट आब्राहामने १९४७ मध्ये नागरिकत्व घेतलं, तेव्हा तो रॉबर्ट आब्राहाम ओट्टोसन झाला. नागरिक व्हायचं तर आइसलँडी धाटणीचं नाव घ्या, हा दंडक पुढेही अनेक दशकं चालू राहिला. १९६१ पासून हा ज्यू माणूस तिथल्या लूथरन राष्ट्रीय चर्चच्या संगीताचा प्रमुख होता. एडेलश्टाइनने मुलांसाठी संगीतशाळा काढली. १९५० मध्ये सिम्फनी वाद्यवृंद उभा राहिला, त्याला या तिघांच्या शिकवणीचा आधार होता.

दुसरं मोठं संकट मासळीनेच आणलं. १९६७-६८ मध्ये हेरिंग मासा अचानक नाहीसा झाला. वर्षभराच्या अंतराने क्रोनाचं दोनदा अवमूल्यन करावं लागलं, बेकारी वाढली, लोक स्वीडनला आणि पार ऑस्ट्रेलियापर्यंत गेले. लोक देश सोडून निघाले होते त्याच काळात, १९६८ साली, जगप्रसिद्ध सोव्हिएत पियानोवादक व्लादिमिर अश्केनाझी लंडन सोडून रेक्याविकला राहायला आला. बायको आइसलँडची, हे कारण. पण तो नुसता राहिला नाही. १९७० मध्ये सुरू झालेल्या रेक्याविक कला महोत्सवामागे त्याचा मोठा हात होता. त्याच्या नावावर जगातले बडे कलाकार या टोकाच्या गावी येऊन वाजवू लागले. १९७२ मध्ये त्याला नागरिकत्व मिळालं, आणि नाव बदलावं लागलं नाही. दंडक कुणासाठी वाकतो, हे त्यावरून कळतं.

याच सुमाराला एक गोष्ट फारसा गाजावाजा न होता घडत होती. १९६३ च्या कायद्याने संगीतशाळांना सार्वजनिक पैसा मिळू लागला, आणि मग दोन-पाचशे वस्तीच्या कोळीवाड्यांतही पियानो आणि ट्रम्पेट शिकवणारी शाळा निघाली. शिकवायला एवढी स्थानिक माणसं आणायची कुठून? म्हणून इंग्लंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकियातून शिक्षक आले. दिवसा मुलांना सुरावट घोटवायची, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, हिवाळ्यात गावाचं गायनमंडळ चालवायचं. आइसलँडमधल्या परदेशी कलावंताचं खरं सरासरी चित्र काढायचं तर ते या शिक्षकाचं निघेल. त्याच्यावर मासिकांतून रंगीत लेख येत नाहीत, एवढंच.

आता बँकांकडे येऊ. २००३ पर्यंत सरकारी बँकांचं खासगीकरण पुरं झालं आणि पाच वर्षांत लँड्सबँकी, कौपथिंग, ग्लिटनिर यांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या नऊ-दहापट झाला. लक्षात घ्या, हा देश तेव्हा लोकसंख्येने आपल्या इचलकरंजीपेक्षा जेमतेम मोठा होता. पैसा कलेतही आला. २००४ मध्ये लँड्सबँकीने दोरखंड-जाळ्यांचा एक जुना कारखाना शंभरावर कलाकारांना वापरायला दिला. पाच हजार चौरस मीटर जागा, तीही फुकट. वर्ष-दीड वर्षात तो प्रकार आटोपला, पण तिथे जमलेली माणसं पांगली नाहीत. ऑस्ट्रेलियाचा संगीतकार बेन फ्रॉस्ट २००५ मध्ये इथे राहायला आला. २००६ मध्ये त्याने, अमेरिकेच्या निको म्यूलीने आणि स्थानिक ध्वनिमुद्रक वाल्गेइर सिगुर्दसनने मिळून 'बेडरूम कम्युनिटी' ही रेकॉर्ड कंपनी काढली. तिचा स्टुडिओ ब्रेइदहोल्ट या साध्यासुध्या उपनगरात होता.

६ ऑक्टोबर २००८ ला पंतप्रधान गेइर हार्दे टीव्हीवर आले आणि 'देव आइसलँडचं भलं करो' म्हणून त्यांनी भाषण संपवलं. ब्रिटनने दहशतवादविरोधी कायदा लावून लँड्सबँकीची मालमत्ता गोठवली. वर्षाच्या सुरुवातीला एका युरोला ९० च्या आसपास क्रोना पडत, वर्ष संपताना १७०. व्याजदर १८ टक्क्यांवर गेला, महागाईही पुढच्या जानेवारीत तितकीच. बेकारी एक टक्क्यावरून २००९ च्या वसंतात नऊ टक्क्यांवर पोचली.

परदेशी कलावंतांची इथे सरळ दोन भागांत वाटणी झाली. ज्याचे पैसे बाहेरून यायचे, म्हणजे युरोतली शिष्यवृत्ती, डॉलरमधलं मानधन, त्याला रेक्याविक एका रात्रीत स्वस्त झालं. पडझडीनंतर आठवडाभरातच 'एअरवेव्हज' संगीत महोत्सव होता. बाहेरून आलेले रसिक खूश झाले, कारण बिअर पहिल्यांदाच परवडत होती. उत्तरेला स्कागास्ट्रोंड या पाचशे वस्तीच्या गावी त्याच वर्षी, मासळीच्या जुन्या कारखान्यात, परदेशी कलाकारांसाठी निवासी केंद्र सुरू झालं होतं. त्यालाही पडलेला क्रोना पथ्यावरच पडला. ज्याची कमाई क्रोनात होती त्याचं मात्र उलट. तैलरंग, कॅनव्हास, गिटारच्या तारा, सगळं बोटीने येणारं आणि सगळ्याचे भाव चढलेले. ठरलेल्या वर्गाची फी तीच आणि मायदेशी पाठवलेल्या पैशाची किंमत जवळजवळ अर्धी. युरोपबाहेरच्या माणसाला आणखी एक घोर होता. कामाचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला, त्यामुळे नोकरी गेली की राहण्याचा हक्कही धोक्यात.

मग तगून कसे राहिले? घर गरम ठेवायचा खर्च थोडा होता, कारण जमिनीखालचं गरम पाणी १९३० पासून नळाने घरात येत होतं. प्रत्येक वस्तीत महापालिकेचा तरणतलाव, त्याच्या कडेला गरम पाण्याची कुंडं. तिकीट तेव्हा एका कॉफीच्या आसपास. तिथे न्हावी, मंत्री आणि बेकार ट्रम्पेटवाला गळ्यापर्यंत पाण्यात शेजारी-शेजारी बसतात. परक्या माणसाची भाषा खरी तिथे सुधारते, कारण उठून जायची कुणालाच घाई नसते. शनिवार-रविवार बंदराजवळच्या कोलापोर्ट बाजारात जुने कपडे, पुस्तकं, सुकी मासळी. त्या हिवाळ्यात विणकाम जोरात परतलं. लोकरीचे लोपापेइसा स्वेटर विकून कित्येक बायकांनी घरखर्चाला हातभार लावला, आणि परदेशातून आलेल्या मुलीही विणकामाच्या बैठकांत जाऊन बसू लागल्या. जुन्या पद्धतीने घरी रक्ताचे सॉसेज भरायची टूमही परत आली.

ऑक्टोबरापासून दर शनिवारी दुपारी संसदेसमोर निषेधसभा भरे. ती भरवणारा होर्दुर टोर्फासन स्वतः गायक आणि नट. २० जानेवारी २००९ ला संसद उघडली आणि लोक स्वयंपाकघरातली भांडी घेऊन आले. २६ तारखेला सरकार पडलं. परदेशी माणसाला संसदेच्या निवडणुकीत मत नव्हतं, पण पातेलं वाजवायला नागरिकत्व लागत नाही. २००३ पासून फुकट वाटलं जाणारं 'रेक्याविक ग्रेपवाइन' हे इंग्रजी वर्तमानपत्र या लोकांचं नोटीस बोर्ड होतं. आज कुठे गाणं आहे आणि उद्या कुठे निदर्शनं, दोन्ही त्यात.

नव्या सरकारने दोन निर्णय घेतले, ते मला संकटापेक्षा महत्त्वाचे वाटतात. कलावंतांच्या मासिक मानधनाचे हप्ते २००९ च्या कायद्याने वाढवले, टप्प्याटप्प्याने वर्षाला १६०० पर्यंत. ही प्रथा १८९१ पासूनची, संसदेने कवीला पगार देण्यापासूनची. दुसरं, बंदरावर अर्धवट सांगाडा होऊन उभं असलेलं हार्पा संगीतभवन सरकार आणि महापालिकेने कर्जात असतानाही पुरं केलं, आणि मे २०११ मध्ये तिथे पहिली मैफल झाली. लोक चिडले होते, आणि चिडण्याजोगं होतंही. कारण त्याच काळात इस्पितळं आणि शाळांच्या खर्चाला कात्री लागत होती.

या सगळ्या चित्रात जे दिसत नाहीत ते पोलिश. २००९ च्या सुरुवातीला देशात सुमारे २४ हजार परदेशी नागरिक होते, त्यातले ११ हजारांच्या आसपास पोलंडचे. बहुतेक जण २००६ मध्ये श्रमबाजार खुला झाल्यावर बांधकामावर आलेले. सगळ्यात आधी कामं गेली ती यांची. २००९ मध्ये देश सोडणारे येणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,८०० ने जास्त होते, आणि त्यात परदेशी खूप. त्यांच्यातही वादक होते, कवी होते. पण त्यांना कुणी परदेशी कलावंत म्हटलं नाही, स्थलांतरित मजूर म्हटलं.

स्वस्ताईचे दिवस फार टिकले नाहीत. २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुल ज्वालामुखीने युरोपची विमानं खाली बसवली आणि देशाचं नाव सगळ्यांच्या तोंडी केलं. त्याच वर्षी मे महिन्यात विनोदी नट योन ग्नारच्या पक्षाने महापालिकेच्या १५ पैकी ६ जागा जिंकल्या आणि तो महापौर झाला. पुढे पर्यटक लोटले. भर वस्तीत लौगावेगुर रस्त्यामागे बिल्डर बुडाल्यामुळे ओस पडलेला एक भूखंड होता. तिथे पोरांनी भिंती रंगवल्या, स्केटबोर्डसाठी उतार बांधला, उन्हाळ्यात मैफली केल्या. २०१३ मध्ये तो रिकामा करून तिथे हॉटेलचं काम निघालं. नासा हा मोठा संगीत क्लब २०१२ मध्ये बंद पडला, फॅक्टोरी त्याच्या पुढच्या वर्षी. खोल्या पर्यटकांना रोजाने जाऊ लागल्या आणि भाडं चढलं. मंदीत शहरात टिकलेले कलाकार तेजीत उपनगरांत सरकले, काही बर्लिनला गेले. हॉटेलं बांधायला आणि चालवायला माणसं लागत होती, ती पुन्हा पोलंडमधून आली.