ॲलर्जी : ग्रामीण विदर्भातील सामान्य प्रकार आणि उपचार

बहुतेकांना निरुपद्रवी असलेल्या पदार्थाविरुद्ध शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने दिलेली अतिरेकी प्रतिक्रिया म्हणजे ॲलर्जी. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये ही संज्ञा रूढ केली. घोड्याच्या रक्तापासून तयार केलेला प्रतिविषारी रक्तद्रव दुसऱ्यांदा टोचला की काही मुलांना आधीपेक्षा लवकर आणि तीव्र त्रास होतो, हे त्यांच्या पाहण्यात आले होते. ॲलर्जीचा एक प्रकार काही मिनिटांत उद्भवतो. त्यात आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमुळे मास्ट या प्रतिकारपेशींतून हिस्टामीन हे खाज व सूज आणणारे रसायन बाहेर पडते. दुसरा प्रकार पांढऱ्या पेशींमार्फत घडतो व एकदोन दिवसांनी दिसतो. उपचार या भेदावर ठरतात.

विदर्भाच्या खेड्यांत ॲलर्जीचे वेळापत्रक बरेचसे शेतीच्या हंगामाशी बांधलेले आहे. पावसाळ्यात धुरे, पांदण रस्ते आणि पडीक जागा गाजरगवताने भरून जातात. मूळ अमेरिका खंडातील या तणाची भारतातील ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे होणारा त्वचादाह दुसऱ्या, विलंबित प्रकारचा असतो. पापण्या, मान, कोपरांच्या आतील घड्या अशा जागी त्वचा लाल होते, खाजते आणि पुढे जाड व काळपट पडते. वाळलेल्या गवताचे कण हवेतून येत असल्याने गवताला हात न लावणाऱ्यालाही हा त्रास होतो. येथे हिस्टामीनविरोधी गोळीने खाज थोडी कमी होत असली तरी दाह शमत नाही. त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड मलम, आणि जुनाट आजारात कधी अझाथायोप्रीनसारखे, प्रतिकारयंत्रणेला दाबणारे औषध लागते. औषध दुकानातून स्वतःच आणलेली मिश्र मलमे महिनोन्महिने लावल्याने त्वचा पातळ होते व नायटा पसरतो, ही खेड्यांतील खरोखर गंभीर बाब आहे. गवत फुलोऱ्यापूर्वी हातमोजे घालून उपटावे, पण ज्याला त्रास होतो त्याने ते काम करू नये. तरोटा वाढू दिल्यास तो गाजरगवताला दाबतो; १९८० च्या दशकात मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा भुंगाही त्याची पाने खातो.

बिब्ब्याच्या तेलाने येणारे फोड याच विलंबित प्रकारात मोडतात. तेल लागताच साबण व भरपूर पाण्याने धुणे हाच पहिला उपाय होय. आंबा आणि काजू बिब्ब्याच्याच कुळातील असल्याने अशा व्यक्तीला आंब्याच्या चिकाचाही त्रास होऊ शकतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी सुरू होते, तेव्हा थ्रेशरजवळ कुटाराची धूळ उडते. सोयाबीनच्या टरफलाची धूळ दम्याचा झटका आणू शकते, हे १९८० च्या दशकात बार्सिलोना बंदरात जहाजांतून सोयाबीन उतरवताना शहरात आलेल्या दम्याच्या साथींवरून सिद्ध झाले. तोंडाला बांधलेला दुपट्टा मोठे कण अडवतो, बारीक कण नाही. घट्ट बसणारा एन-९५ मास्क अधिक उपयोगी असतो. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे. शिंका व नाक गळणे यांवर सेटिरिझिनसारखी गोळी आणि नाकात मारायचा स्टेरॉइड फवारा उपयोगी पडतात. ॲलर्जीवरची झोप आणणारी गोळी घेऊन ट्रॅक्टर चालवू नये. दम्यात गोळीवर विसंबता येत नाही, इन्हेलरच हवा. इन्हेलरची सवय लागते या गैरसमजापायी अनेक रुग्ण विनाकारण धापा टाकत राहतात.

जिनिंगमधील कामगारांची छाती साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळून येते, तो कापसाच्या धुळीमुळे होणारा बिसिनोसिस हा वेगळा आजार आहे. फवारणीनंतर लाळ सुटणे, घाम येणे, बाहुल्या आकसणे ही तर विषबाधेची लक्षणे होत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये अशा विषबाधांनी शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले. तेथे ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहणे घातक ठरते.

अंगावर उठणाऱ्या गांधींना गावात पित्त म्हणतात. त्यामागे अन्न, औषध किंवा संसर्ग असू शकतो. अनेकदा कारण सापडतच नाही. मात्र आग्या मोहोळाच्या माशा चावल्यावर, शेंगदाणे किंवा अंडे खाल्ल्यावर अथवा इंजेक्शननंतर गांधींसोबत आवाज बसला, श्वास कोंडला किंवा भोवळ आली, तर ती तीव्र, प्राणघातक प्रतिक्रिया समजावी. तिच्यावरचे पहिले औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रिनालिन. रुग्णाला पाय उंच करून आडवे ठेवावे, श्वास लागत असेल तर बसू द्यावे, चालवत नेऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सर्पदंशावरील प्रतिविष आजही घोड्याच्या रक्तापासूनच बनते, त्यामुळे पिर्के यांनी पाहिलेल्या प्रतिक्रियांचे नाते विदर्भातील ग्रामीण रुग्णालयांशी थेट जुळते. सलाईनमधून प्रतिविष सुरू असताना थंडी वाजली, गांधी उठल्या किंवा दम लागला तर डॉक्टर ते थांबवून ॲड्रिनालिन देतात आणि प्रतिक्रिया आवरल्यावर प्रतिविष पुन्हा सावकाश सुरू करतात. या प्रतिक्रियेला भिऊन नातेवाइकांनी रुग्णाला घरी नेऊ नये, कारण विषावर दुसरे औषध नाही.