खाजगी कॉलेजांच्या प्रवेशांवरचं सरकारी नियंत्रण (खान्देश)

खाजगी विनाअनुदानित कॉलेजांनी विद्यार्थी कसे आणि कोणत्या क्रमाने घ्यायचे यावर राज्य सरकारची असलेली देखरेख. खान्देशात म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ती मुख्यतः इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीए, मेडिकल या कोर्सेसना लागते.

सुरुवात नक्की कुठून धरायची यावर एकमत नाही. 1983 च्या सुमारास वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, जळगावजवळच्या बांभोरीचं इंजिनिअरिंग कॉलेज त्याच काळातलं, मग डोनेशनची ओरड वाढली आणि 1987 ला कॅपिटेशन फी (म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीवर घेतलेले जादा पैसे) बंदीचा कायदा आला, म्हणून काही जण तिथून मोजतात. पण त्या कायद्याचा रोख पैशावर जास्त होता. दुसरं मत सुप्रीम कोर्टाच्या 1993 च्या उन्नीकृष्णन निकालाचं, त्यात फ्री सीट आणि पेमेंट सीट अशी वाटणी करून दोन्ही मेरिटनेच भरायच्या होत्या. ती योजना 2002 मधे टी.एम.ए. पै खटल्यात 11 न्यायाधीशांनी मोडीत काढली. 2003 च्या इस्लामिक अकादमी निकालाने प्रत्येक राज्यात प्रवेश आणि फीसाठी समित्या बसवल्या, आणि 2005 च्या इनामदार निकालाने सरकारी कोटा लादायला मनाई केली तरी कायदा होईपर्यंत या समित्या राहू दिल्या. आजची प्रवेशाची यादी तपासायची पद्धत बघता 2003 हेच वर्ष जास्त पटतं, कारण 2015 च्या राज्याच्या कायद्याने आलेली प्रवेश नियामक आणि शुल्क नियामक प्राधिकरणं त्याच समित्यांची पुढची पायरी आहेत.

सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा), कॅप राउंड (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी), ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) हे बहुतेकांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे संस्था पातळीवरच्या (मॅनेजमेंट कोट्याच्या) सीटलाही जाहिरात आणि मेरिट लिस्ट लागते, आणि प्राधिकरणाची मान्यता नसेल तर तो प्रवेश टिकत नाही. शिवाय 2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक कोर्सची जी पूर्ण फी माफी आहे ती कॅपमधून आलेल्यांनाच मिळते, मॅनेजमेंट कोट्याला नाही. शहादा, अक्कलकुव्याकडच्या पालकांनी "डायरेक्ट सीट" घ्यायच्या आधी हे विचारायलाच हवं. अनुसूचित जमातीच्या सीटला वैधता प्रमाणपत्र लागतं, त्याची एक तपासणी समिती नंदुरबारला आहे.

बीबीए, बीसीए 2024 ला सीईटीखाली आले. साधं बीए, बीएस्सी 2015 च्या कायद्याबाहेर आहे, तिथे विद्यापीठाची पात्रता तपासणी तेवढी असते. अकरावीची ऑनलाइन केंद्रीय प्रक्रिया खान्देशात 2025-26 पासून.